हजाराच्या आतला स्पेअर चष्मा ऑनलाइन घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 34, पुण्यात आयटीत नोकरी. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस 4.25, सिलिंडर (एकाच दिशेला लागणारा जास्तीचा नंबर) मायनस 1.25, अ‍ॅक्सिस 170 (सिलिंडर कोणत्या कोनात बसवायचा तो अंश). डावा मायनस 3.75, सिलिंडर मायनस 0.75, अ‍ॅक्सिस 10. गावाकडच्या लग्नात चष्मा कुणाच्या तरी पायाखाली गेला, काडी तुटली, एका काचेला तडा गेला आणि उरलेलं सगळं लग्न धुक्यात बघावं लागलं. आता स्पेअर हवा. ऑनलाइन हजाराच्या आत एक चष्मा मिळतोय. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, तिकडे सगळे असेच मागवतात. घ्यावा का? आणि आईचं वय 62, तिला प्रोग्रेसिव्ह (दूरचा आणि वाचायचा नंबर एकाच काचेत) आहे, तिलाही एक मागवावा का?

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी सांगलीत गेली 22 वर्षं चष्म्याच्या धंद्यात आहे, आधी दुसऱ्याच्या दुकानात आणि आता स्वतःच्या. तुम्ही ऑनलाइन घेतलात तर माझ्यासारख्याच कुणाचं तरी गिऱ्हाईक कमी होणार. तरी सांगतो: तुमच्यासाठी घ्या. आईसाठी प्रोग्रेसिव्ह घेऊ नका, त्यांच्यासाठी वेगळा आणि आणखी स्वस्त उपाय आहे, तो खाली सांगतो.

तुम्हाला स्पेअर लागतोच. मायनस सव्वाचारच्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण 23 सेंटिमीटरपर्यंतचंच स्वच्छ दिसतं. आपली एक वीत. त्यापलीकडे सगळं पुसट. अशा माणसाने एकाच चष्म्यावर राहणं म्हणजे घराला एकच किल्ली ठेवणं.

स्वस्त चष्म्याची काच वाईट असते असं आमच्यातले बरेच जण गिऱ्हाइकाला सांगतात. ते अर्धंच खरं आहे. तुमच्यासारख्या साध्या दूरच्या नंबरची काच ही आजकाल तयार मालात मिळते. कारखान्यातून पाकिटात येते, पाकिटावर नंबर छापलेला असतो, फिटर ती मशीनवर फ्रेमच्या आकारात घासतो आणि बसवतो. दुकानात तुम्ही जे जास्तीचे पैसे देता त्यात जागेचं भाडं असतं, आमचा नफा असतो, आणि एक गोष्ट असते जी बिलावर कधीच लिहिलेली नसते: माप घेणं. ऑनलाइन घेताना ते काम तुमच्यावर येतं. चष्मा बिघडतो तो बहुतेक इथेच.

मागच्या वर्षी एक तरुण आला होता, बँकेत कामाला. नवा चष्मा लावला की तासाभरात कपाळ दुखायला लागायचं. त्याचं म्हणणं, नंबर चुकीचा बनवलाय. मी चष्मा लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, लावला. नंबर अगदी बरोबर, अ‍ॅक्सिससुद्धा बरोबर. मग दोन्ही काचांच्या मधल्या बिंदूंवर शाईचे ठिपके पाडले आणि पट्टी लावली. ठिपक्यांमधलं अंतर 64 मिलिमीटर. त्याच्या बुबुळांमधलं अंतर मोजलं तर 58. मागवताना त्याने तो रकाना रिकामा सोडला होता आणि बनवणाऱ्याने सरासरीचं माप घातलं होतं.

या अंतराला पीडी म्हणतात. मोठ्या माणसांत ते साधारण 54 ते 74 मिलिमीटरच्या मध्ये असतं, सरासरी 63 च्या आसपास. काचेचा खरा मध्यबिंदू बुबुळासमोर आला नाही तर काच प्रिझमसारखी वागायला लागते, म्हणजे प्रतिमा बाजूला सरकवते. किती सरकवते याचा हिशेब सोपा आहे. मध्यबिंदू जितके सेंटिमीटर चुकला, त्याला नंबराने गुणायचं, उत्तर प्रिझम याच मापात येतं. तुमच्या बाबतीत पीडी एकूण 5 मिलिमीटर चुकला, तर प्रत्येक डोळ्यापुढे अडीच मिलिमीटर. 0.25 गुणिले 4.25 म्हणजे एक प्रिझमहून थोडं जास्त, डाव्याकडून एकाला थोडं कमी, मिळून दोन. नंबर मायनस एक असता तर हीच चूक अर्ध्या प्रिझमची झाली असती आणि बहुधा तुम्हाला कळलीही नसती. म्हणून ‘माझ्या मित्राने पीडी न देता मागवला, त्याला काही झालं नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही. मित्राचा नंबर किती, ते आधी विचारा.

आणखी एक बारकावा. मायनस नंबरात काचांचे मध्यबिंदू पीडीपेक्षा लांब पडले तर डोळ्यांना बाहेरच्या बाजूला ताण द्यावा लागतो, आणि ते डोळ्यांना फारसं जमत नाही. आत वळणं त्यांना सोपं जातं, वाचताना ते तेच करत असतात. म्हणजे पीडी 60 की 61 अशी शंका असेल तर मायनसवाल्याने 60 लिहावं. प्लस नंबरवाल्याचं बरोबर उलट.

पीडी मिळवायचा कसा? सगळ्यात चांगलं म्हणजे नंबर तपासून घ्याल तिथेच कागदावर लिहून मागा. तुमच्या भावाच्या अमेरिकेत तपासणी झाली की नंबराचा कागद पेशंटच्या हातात द्यावाच लागतो, 1978 पासून तसा संघराज्याचा नियम आहे. पण त्या नियमातही पीडी लिहून देण्याची सक्ती नाही, तेव्हा तिकडच्या लोकांनाही ही खटपट चुकलेली नाही.

घरी मोजायचा तर आरशासमोर वीतभर अंतरावर उभे राहा. मिलिमीटरची पट्टी भुवयांवर आडवी धरा. उजवा डोळा मिटा, शून्याची खूण डाव्या बुबुळाच्या मधोमध आणा. आता डोकं न हलवता डावा मिटा, उजवा उघडा आणि उजव्या बुबुळाखाली कोणता आकडा येतो तो वाचा. तीन-चारदा करा. आकडे एखाद्या मिलिमीटरने इकडे तिकडे होतील, ते चालतं. चार मिलिमीटरने होत असतील तर डोकं हलतंय. काही ॲप कपाळाला एटीएम कार्ड लावून फोटो काढायला सांगतात. कार्ड जगभर एकाच मापाचं असतं, 85.6 मिलिमीटर रुंद, म्हणून ते पट्टीचं काम करतं. पद्धत बरी आहे, फक्त फोन हाताच्या अंतरावर धरून कॅमेऱ्याकडे बघताना डोळे किंचित आत वळलेले असतात. तेव्हा तो आकडा आरशाच्या आकड्याशी ताडून पाहा.

माझ्या मते मात्र सगळ्यात खात्रीचं माप तुमच्या नाकावरच आहे. जो चष्मा घालून तुम्ही दिवसभर विनातक्रार काम करता, तो एखाद्या दुकानात नेऊन ‘याचा नंबर आणि सेंटर काढून द्या’ म्हणा. दोन मिनिटांचं काम आहे. काही जण पैसे घेणार नाहीत, काही पन्नास-शंभर घेतील. द्या. फुकट माप घेऊन ऑनलाइन मागवणाऱ्यांवर आमची चिडचिड होते, पैसे मोजून माप घेणाऱ्यावर नाही.

नंबर मात्र जुन्या चष्म्यावरून काढून तसाच मागवू नका. चष्मा दीड-दोन वर्षांचा असेल तर आधी डोळे तपासून घ्या. नाहीतर कालचा नंबर आज नव्या फ्रेममध्ये येईल, एवढंच.

आता फ्रेम. इथे सगळे चेहऱ्याला शोभते का ते बघतात, आणि तुमच्या नंबराला ते पुरेसं नाही. कोणत्याही काडीच्या आतल्या बाजूला 52, चौकोन, 18, 140 असं काहीतरी छापलेलं असतं. 52 म्हणजे एका काचेची रुंदी, 18 म्हणजे दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, 140 म्हणजे काडीची लांबी. सगळे मिलिमीटर. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज 70. तुमचा पीडी 62 धरला तर प्रत्येक काच चार मिलिमीटर आत सरकवून बसवावी लागणार, आणि कानाकडची कड तेवढी जाड होणार.

हे जरा जवळून बघू. तुमची उजवी काच, साधी 1.50 इंडेक्सची (हा आकडा जितका मोठा तितकी त्याच नंबराची काच पातळ), मधली जाडी 2 मिलिमीटर. 56-17 च्या सध्या फॅशनमध्ये असलेल्या मोठ्या फ्रेममध्ये बाहेरची कड साधारण 6.8 मिलिमीटर भरेल. त्याच फ्रेममध्ये जास्त पैसे देऊन 1.60 ची काच घेतली, तर मधली जाडी दीड मिलिमीटर धरून कड साडेपाचच्या आसपास. आणि 48-20 च्या छोट्या फ्रेममध्ये तीच साधी स्वस्त काच? 5.1. म्हणजे फ्रेम लहान घेतली तर फुकटात जी काच पातळ होते, ती मोठ्या फ्रेममध्ये पैसे मोजूनही होत नाही. आकडे ढोबळ आहेत, काचेच्या वळणाप्रमाणे थोडे बदलतील, पण क्रम बदलणार नाही.

म्हणून स्पेअरसाठी 48 ते 50 च्या आतली, गोलसर, पूर्ण कडांची शेल, म्हणजे प्लॅस्टिकची, फ्रेम घ्या. जाड काठात कड लपते. सुप्रा, म्हणजे खाली दोरीवर काच असते ती, किंवा बिनकाठाची रिमलेस स्वस्तात अजिबात घेऊ नका. त्यात कड उघडी दिसते आणि पहिला टवका तिथेच उडतो. नोजपॅडची धातूची फ्रेम नाकावर जुळवून घेता येते हा फायदा आहे, पण स्वस्त फ्रेमचे स्क्रू आपोआप ढिले होतात. शेलमध्ये नाकाचा भाग घडवलेलाच असतो. ज्यांचं नाक बसकं आहे त्यांची ती घसरते. तुमच्या आत्ताच्या चष्म्याच्या काडीवरचे आकडे वाचा आणि त्यांच्या जवळचंच घ्या, दोन-तीन मिलिमीटर लहान असेल तर उत्तम. स्पेअरमध्ये नवीन प्रयोग नको.

आणि हो, जुनी फ्रेम ड्रॉवरमध्ये पडली असेल तर ऑनलाइनच्या आधी तिचा विचार करा. फ्रेम शाबूत असेल तर जवळच्या दुकानात तिच्यात साध्या काचा बसवून मिळतात. ती तुमच्या चेहऱ्यावर बसलेलीच आहे. दुकानात पडून राहिलेल्या मालातली फ्रेमसुद्धा विचारून बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून नजरेच्या फ्रेम आणि काचांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे दुकानातला साधा चष्मा पूर्वी वाटायचा तेवढा महाग राहिलेला नाही. लोक आत येतात, भिंतीवरच्या महाग फ्रेम बघतात आणि न विचारताच परत जातात.

फॉर्म भरताना सगळ्यात जास्त घात अ‍ॅक्सिसच्या रकान्यात होतो. तुमचा उजवा 170 आहे. त्या शून्यावर बोट पडलं नाही तर 17 होतं, आणि 17 हाही योग्य आकडा असल्यामुळे फॉर्म काही बोलत नाही. 170 आणि 17 यांच्यात 27 अंशांचा फरक आहे. सिलिंडरचं गणित असं आहे की अ‍ॅक्सिस 30 अंशांनी चुकला की पूर्ण सिलिंडरइतकाच दोष डोळ्यात परत उरतो, फक्त वेगळ्या दिशेला. म्हणजे सिलिंडरचा नंबर घातला काय न घातला काय, सारखंच. त्यात आणि जमीन कलती दिसते ते वेगळंच.

दुसरी गंमत चिन्हांची. काही डॉक्टर सिलिंडर प्लसमध्ये लिहितात. तुमचाच उजवा नंबर कुणी मायनस 5.50, प्लस 1.25, अ‍ॅक्सिस 80 असा लिहून दिला, तरी घाबरू नका, तो एकच नंबर आहे. दोन्ही आकड्यांची बेरीज करा, मायनस 4.25 येतो. सिलिंडरचं चिन्ह उलटा, अ‍ॅक्सिसमध्ये 90 मिळवा. झाला पहिला. पण एका कागदावरचा गोल नंबर, म्हणजे सिलिंडरच्या आधी लिहिलेला पहिला आकडा, आणि दुसऱ्या कागदावरचा सिलिंडर असं मिसळू नका. कागदावर जसा आहे तसा भरा, आणि कागदाचा फोटो पाठवायची सोय असेल तर तोही पाठवा. डावा-उजवा तर दोनदा वाचा. मी स्वतः शिकाऊ असताना एका शिक्षिकेच्या काचा अदलाबदल करून बसवल्या होत्या. बाई आठवडाभर सवय व्हायची वाट बघत राहिल्या, कारण ‘नवीन चष्म्याची सवय व्हायला लागते’ असं मीच त्यांना सांगितलं होतं.

मग पैसे भरायच्या आधी जास्तीच्या गोष्टींची यादी येते. अँटी-ग्लेअर घ्या. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याचे जे दुहेरी ठिपके दिसतात ते त्याने कमी होतात. ब्लूकटचे, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेचे, वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नका. 2023 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 17 चाचण्यांचा आढावा घेतला. संगणकावर काम करून डोळे थकतात ते ब्लूकटने कमी होतं असं त्यात काही सापडलं नाही. मीही ब्लूकट विकतो, गिऱ्हाईक मागतं म्हणून. पण कुणी विचारलं तर हेच सांगतो. 1.67 ची काच तुमच्या नंबराला स्पेअरमध्ये उगाच खर्च आहे. ती पातळ असते, पण तिच्या कडेने बघताना पांढऱ्या अक्षरांना निळी-पिवळी किनार दिसते. साधी 1.50 ची काच जाड असली तरी नजरेला जास्त स्वच्छ. 1.56 मिळाली तर तीही चालेल. दुचाकीसाठी किंवा क्रिकेटसाठी वापरणार असाल तरच पॉलिकार्बोनेट घ्या. फुटत नाही, पण चरे लवकर पडतात.

पार्सल आलं की लगेच घालून बाहेर पडू नका. आधी परतीची मुदत किती दिवस आहे ते बघून ठेवा. मग ट्यूबलाइटखाली काच तिरपी धरा. अँटी-ग्लेअर असेल तर ट्यूबचं प्रतिबिंब हिरवट किंवा निळसर आणि फिकट दिसेल. पांढरं लख्ख दिसलं तर कोटिंग नाही. टेबलावर उलटा ठेवा, दोन्ही काड्या एकदम टेकल्या पाहिजेत.

मध्यबिंदू घरी असा काढा. दाराच्या चौकटीची उभी कड निवडा, चष्मा हातभर लांब धरा आणि एका काचेतून ती कड बघा. काचेच्या आतली रेघ काचेच्या वरच्या-खालच्या रेघेशी सांधली जाईपर्यंत चष्मा डावी-उजवीकडे सरकवा. सांधली की तिथे मार्करने खूण करा. दुसऱ्या काचेचं तेच. दोन खुणांमधलं अंतर मोजा. तुमच्या पीडीच्या दोन मिलिमीटरच्या आत असेल तर मध्यबिंदूंची चिंता मिटली. तुमच्या सिलिंडरमुळे रेघ किंचित कललेली दिसेल, तेवढं चालतं. ज्यांचा अ‍ॅक्सिस 45 किंवा 135 च्या जवळ आहे त्यांना या पद्धतीने नीट जमणार नाही. त्यांनी लेन्सोमीटरच गाठावा.

घातल्यावर पहिल्या दिवशी थोडं वेगळं वाटणं साहजिक आहे. फ्रेमचा कल वेगळा, काचेचं वळण वेगळं. पण तीन-चार दिवसांनंतरही जिना उतरताना पाय अंदाजाने टाकावा लागत असेल, एक डोळा झाकला की बरं वाटत असेल, किंवा उजवीकडची अक्षरं डावीकडच्यापेक्षा मोठी दिसत असतील, तर सवयीची वाट बघू नका. परत करा.

चष्मा नाकावरून घसरतो किंवा कानामागे टोचतो, ही सगळ्यांची तक्रार. शेलची काडी गरम करून वाकवावी लागते. आमच्याकडे त्यासाठी हीटर असतो. घरी गरम पाण्यात बुडवून वाकवायचे व्हिडिओ असतात, ते करू नका. कोटिंग त्याच पाण्यात तडकतं. हेही दुकानात नेऊन पैसे देऊन करून घ्या.

आता आई. प्रोग्रेसिव्ह काचेत वरून खाली नंबर बदलत जातो आणि बदलायला कुठे सुरुवात व्हायची ते बुबुळाच्या उंचीवर ठरतं. ती उंची माणसाला फ्रेम घालून, समोर बसवून, काचेवर ठिपका देऊनच मोजायची असते. फ्रेम हातात नसताना ती मोजता येत नाही. दोन-तीन मिलिमीटर चुकली की वाचायला हनुवटी आकाशाकडे. त्यांना स्पेअर म्हणून फक्त वाचायचा चष्मा द्या, आपण ज्याला चाळिशी म्हणतो तो. समजा त्यांचा दूरचा नंबर प्लस 1.00 आहे आणि ॲडिशन (वाचायला लागणारा जास्तीचा नंबर) प्लस 2.25, तर वाचायचा नंबर प्लस 3.25. दूरचा मायनस 1.00 असता तर प्लस 1.25. सिलिंडर आणि अ‍ॅक्सिस तेच राहतात. पीडी मात्र दूरच्यापेक्षा 3 मिलिमीटर कमी लिहा, वाचताना डोळे आत वळतात म्हणून. याला ऑनलाइन काहीच हरकत नाही. पोथी, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, मोबाइल, सगळं भागतं. दोन डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि सिलिंडर नसेल, तर एसटी स्टँडबाहेर मिळणारा तयार चष्माही अडीनडीला चालतो.

त्यांना मधुमेह असेल आणि साखर वर-खाली होत असेल, तर आधी ती स्थिर होऊ द्या. साखरेबरोबर नंबरही हलतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टर शेवटचा नंबर देईपर्यंत, म्हणजे सहसा महिना-दीड महिना थांबा. आणि घरात लहान मूल चष्मेवालं असेल तर त्याचा चष्मा ऑनलाइन नको, स्पेअरसुद्धा नको. मुलाला नीट दिसत नाही हे मूल सांगत नाही, आणि वाढत्या वयात आळशी पडलेला डोळा नंतर जागा करणं कठीण असतं.

शेवटी स्पेअर ठेवायचा कुठे? गाडीच्या डॅशबोर्डवर आणि स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उन्हात तापल्यावर काच फुगते, वरचं कोटिंग तेवढं फुगत नाही, आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. पुसून जात नाहीत. एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, दुसरा घेतलात तर प्रवासाच्या बॅगेत, चष्म्याच्या कडक घरात. त्या घरात एक चिठ्ठी टाका: नंबर, पीडी, तपासणीची तारीख. पुढच्या लग्नात चष्मा पायाखाली आला आणि स्पेअर नेमका पुण्यात राहिला, तर त्या गावच्या दुकानदाराला ती चिठ्ठी पुरते. फक्त ती स्पेअरबरोबर पुण्यात राहू नये, म्हणून तिचा फोटो मोबाइलमध्येही ठेवा.